आजीने विणलेले दुपटे आणि बाळाची बोटे

दिवाळी आटोपली की आपल्या घाटावर थंडी पाय रोवते. साखरखेर्ड्यात पहाटे जागोजागी शेकोट्या दिसू लागतात आणि दुपारच्या उन्हाला ओट्यावर बसून क्रोशाची सुई चालविणाऱ्या बायकाही दिसू लागतात. घरात लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली असली, तर विचारूच नका. आजी होणाऱ्या बाईच्या मांडीवरून लोकरीचा गुंडा महिना-दोन महिने हलत नाही. टोपडे होते, मोजे होतात, आणि शेवटी बारशाच्या दिवशी सगळ्यांना दाखविण्यासाठी एक मोठे दुपटे तयार होते. बाजारात चार पैशांत तयार ब्लँकेट मिळत असले, तरी आजीच्या हातच्या दुपट्याला घरात वेगळाच मान असतो, आणि तो असावाच.

आज लिहायचे आहे ते अशाच एका दुपट्याविषयी.

गेल्या हिवाळ्यात गावातल्या एका ओळखीच्या घरी बारशाला मी गेलो होतो. पिवळ्या आणि पांढऱ्या लोकरीचे दुपटे पाळण्यात पसरले होते. मध्ये मोठ्या जाळीची फुले, चारही काठांना गोंडे, कोपऱ्यात मोती. मी ते हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि आजीचे तोंडभरून कौतुक केले. पेढा खाल्ला आणि घरी आलो.

दोन महिन्यांनी एके दिवशी सकाळी सहालाच दाराची कडी वाजली. तीच आजी, मागे तिची लेक, आणि लेकीच्या कडेवर रडून रडून घसा बसलेले बाळ. "डॉक्टरसाहेब, लेकरू रातच्यापासून रडून राह्यलं. पोट शेकलं, नजर काढली, पण थांबतच नाही."

मी कान पाहिले, घसा पाहिला, पोट चाचपले. ताप नव्हता. काहीच सापडेना. मग अंगावरचा एकेक कपडा उतरवीत गेलो आणि डाव्या पायाचा मोजा काढताच कारण समोर आले. मधले बोट टपोऱ्या बोरासारखे लालनिळे सुजले होते. बोटाच्या मुळाशी एक खोल वळ होता, आणि भिंगातून पाहिल्यावर त्या वळात रुतलेला पिवळा धागा दिसला. दुपट्याच्या फुलातून निघालेला एक बारीक तंतू मोज्यात शिरला होता. बाळ जसजसे पाय झाडत गेले, तसतसा तो बोटाला आवळत गेला होता. बोट सुजले की धागा आणखी रुततो, आणि धागा रुतला की बोट आणखी सुजते. हे चक्र बराच वेळ चालले, तर बोटाचा रक्तपुरवठा बंद पडून ते बोट गमवावेही लागते.

धागा कापून काढायला वीस मिनिटे लागली. दुपारपर्यंत बोटाचा रंग परतला. बाळ आईच्या कुशीत झोपले. पण आजी मात्र कोपऱ्यात बसून राहिली होती. दुपट्याची घडी घालीत ती एवढेच म्हणाली, "हे जाळूनच टाकते आता."

मी म्हणालो, "मावशी, जाळू नका. कात्री आणि सुई-दोरा घेऊन बसू. ह्यात चूक तुमच्या एकटीची नाही. बारशाला हे दुपटे मीही हातात घेतले होते. फुले पाहिली, पण फुलांतून बाळाचे बोट जाते का, हे मी डॉक्टर असून पाहिले नाही."

त्या दिवशी आम्ही त्या दुपट्याचे काय केले, ते पुढे सांगतो. त्याआधी दुपट्याची गरज का आहे आणि त्यात धोका कुठे असतो, हे समजून घेऊ.

ऊब ही चैन नव्हे

नवजात बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा पसारा मोठा असतो, आणि कातडीखाली चरबी थोडी असते. त्यामुळे त्याच्या अंगातली उष्णता भराभर बाहेर जाते. मोठ्या माणसासारखे कुडकुडून अंग गरम करणेही त्याला जमत नाही. बाळाच्या अंगाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियसच्या दरम्यान असावे लागते. त्याखाली गेले की बाळ मलूल पडते, दूध ओढत नाही, आणि दूध न मिळाल्याने आणखीच गार पडते. कमी वजनाच्या आणि दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळांना हा धोका अधिक.

आपल्या विदर्भातच ह्याचा मोठा धडा मिळालेला आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ पासून खेड्यांमध्ये नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग केला. गावातल्याच बायकांना शिकवून तयार केले. त्या घरी जाऊन बाळाचे वजन करीत, तापमान पाहत, श्वास मोजीत, बाळ उबदार ठेवायला आणि अंगावर पाजायला शिकवीत, आणि जंतुसंसर्ग झाला तर औषध देत. प्रयोगापूर्वी त्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी हा आकडा सुमारे २५ वर आला. १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले. पुढे २०११ पासून देशभर आशाताईंमार्फत जी 'घरच्या घरी नवजात बालकाची काळजी' योजना सुरू झाली, तिचे मूळ ह्या कामात आहे. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल, तर आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळ पाहावयाचे असते. तिच्या साहित्यात थर्मामीटर आणि वजनकाट्याबरोबर बाळाला गुंडाळायचे पांघरूणही असते.

म्हणजे पांघरूण हे औषधाच्या बरोबरीचे आहे. पण औषधाचे जे असते तेच पांघरुणाचे. योग्य असले आणि योग्य रीतीने वापरले, तर गुण. नाहीतर अपाय.

विणताना बाई दुपटे डोळ्यांनी पाहते. बाळ मात्र त्याला बोटांनी, तोंडाने, नाकाने आणि कातडीने भेटते. म्हणून दुपटे तपासायचे ते बाळाच्या ह्या चार अवयवांच्या बाजूने. ह्याच क्रमाने पाहू.

बोटे

क्रोशाच्या कामाची शोभा जाळीत असते, आणि बाळाच्या दुपट्यात तीच नडते. मोठ्या भोकात बाळाचे बोट सहज शिरते, पण बाहेर काढायची अक्कल त्याला नसते. ते नुसते ओढते आणि पिळते.

बाळाच्या दुपट्यासाठी मुका खांब किंवा अर्धा खांब घालून भरीव वीण घ्यावी. लांब खांब, साखळ्यांचे कमानीदार नक्षीकाम आणि उघडी फुले टेबलक्लॉथसाठी ठेवावीत. विणून झाल्यावर साधी परीक्षा करा. शिसपेन्सिल घ्या आणि दुपटे किंचित ताणून तिचे टोक भोकात घाला. पेन्सिल आरपार गेली, तर ते भोक बाळासाठी मोठे आहे. वीण उलट बाजूनेही पाहावी. रंग बदलताना मागच्या बाजूला लोकरीचे लांब आडवे धागे सोडण्याची काहींना सवय असते. ते धागे म्हणजे बोटांसाठी तयार फासच होत.

दुसरी गोष्ट टोकांची. गुंडा संपला की नवा धागा जोडताना नुसती गाठ मारून टोक कापून टाकू नये. धुण्याने गाठ सुटते आणि टोक मोकळे होते. टोक चांगले वीतभर सोडावे, बोथट सुईत ओवून ते विणीतून एकदा एका दिशेला, मग उलट दिशेला आणि पुन्हा एकदा असे तीन वेळा फिरवावे आणि मगच कापावे. गोल तुकड्याची सुरुवात सरकफासाने केली असेल, तर तिचे टोक तर विशेष जपून ओवावे. ते सुटले की मधोमध भोक पडते आणि वीण उसवत जाते.

तिसरी गोष्ट ऐकून काहींना नवल वाटेल. धाग्याइतकाच धोका आईच्या केसाचा असतो. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी बहुतेक बायकांचे केस गळतात. ते नैसर्गिक आहे, आणि काही महिन्यांत थांबते. पण गळलेला केस लोकरीच्या दुपट्यात, मोज्यात, टोपड्यात अडकून राहतो आणि बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो. केस ओला असताना लांबतो आणि वाळताना आखडतो, म्हणून तो धाग्यापेक्षाही घट्ट आवळतो. त्यासाठी दुपटे रोज झटकावे, आणि मोजे उलटे करून, आत बोटे फिरवून मगच बाळाला घालावेत.

कारण न कळता बाळ एकसारखे रडत असेल, तर त्याला पूर्ण उघडे करून उजेडात पाहा. हातांची दहा बोटे, पायांची दहा बोटे, आणि मुलगा असेल तर लघवीची जागासुद्धा. एखादे बोट सुजून लाल किंवा निळसर झाले असेल आणि मुळाशी वळ दिसत असेल, तर वेळ दवडू नका. धागा वरच्यावर सैल दिसत असेल, तर जपून कापावा. रुतलेला असेल, तर घरी सुई, ब्लेड, चिमटा चालवू नये, तेल चोळून वाट पाहू नये. बाळाला तडक दवाखान्यात न्यावे.

तोंड

तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बाळ हाताला लागेल ते तोंडात घालते. गोंडा, मोती, टिकली, बटण, घुंगरू, रिबिनीचे फूल ह्यांपैकी काहीही चोखून, ओढून सुटू शकते आणि श्वासनळीत अडकू शकते. साधारण सव्वा इंचाहून लहान वस्तू लहान मुलाच्या हाती नसावी, असा ठोकताळा आहे. शेंगदाण्याएवढा मणी त्याच्या कितीतरी आत आला.

"मी पक्का शिवला आहे," असे प्रत्येक आजी म्हणते. पण दुपटे पन्नास वेळा धुतले जाते, दोऱ्याला उन्हाने कमजोरी येते, आणि बाळाची चिकाटी आपल्याला वाटते त्याहून मोठी असते. म्हणून बाळाच्या दुपट्याला शिवलेले काहीही नको. काठाची झालर आणि लोंबते धागेही नकोत. शोभा आणायची, तर ती रंगांच्या पट्ट्यांनी आणावी. काठ मुक्या खांबांच्या एका सरळ ओळीने बंद करावा. तो दिसतोही देखणा.

लोकर निवडतानाही हे ध्यानात ठेवावे. मांजराच्या पिलासारखी मऊ, केसाळ लोकर दुकानात मन मोहते, पण तिचे तंतू सुटून बाळाच्या नाकातोंडात जातात. गुळगुळीत, घट्ट पिळाची लोकर किंवा सुती धागा घ्यावा. आपण कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यातली माणसे आहोत. बाळासाठी सुती धाग्याइतके चांगले दुसरे काही नाही. तो घाम टिपतो आणि गरम पाण्यात धुता येतो.

नाक

आता सर्वांत महत्त्वाचे. धाग्याने बोट जाते, पण तोंडावर आलेल्या पांघरुणाने जीव जातो.

लहान बाळाला तोंडावरचे पांघरूण दूर करता येत नाही. "जाळीचे दुपटे आहे, हवा लागते," असे म्हणून फसू नये. एका पदरातून हवा जात असेलही, पण बाळाने हातपाय हलवून त्याचे तीन-चार पदर नाकावर गोळा केले, तर श्वास कोंडतो. डोके झाकले गेले तर उष्णताही कोंडते, कारण बाळ बरीच उष्णता डोक्यावाटे बाहेर टाकते. झोपेत अचानक होणाऱ्या अर्भकमृत्यूंचा ज्या देशांत अभ्यास झाला, तेथे पालथे झोपविणे, डोके झाकले जाणे आणि फार गरम होणे ही कारणे पुन्हा पुन्हा पुढे आली. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली बाळांना पाठीवर उताणे झोपविण्याची मोहीम निघाली. तेथील असे मृत्यू त्यानंतर निम्म्याहून अधिक कमी झाले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली पुन्हा बजावले आहे की, वर्षाच्या आतील बाळाच्या झोपण्याच्या जागी सैल पांघरूण, उशी, मऊ खेळणी ह्यांपैकी काहीही असू नये.

"मग आमच्या पौषातल्या थंडीत काय करायचे?" हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, झोपलेल्या बाळाची ऊब अंगातल्या कपड्यांतून यावी, वरून टाकलेल्या पांघरुणातून नव्हे. आत सुती झबले, वर बाह्यांचा स्वेटर, लंगोट, लांब पायजमा, मोजे. मोठ्या माणसाला जेवढे कपडे लागतात, त्याहून एखादा थर जास्त, एवढे पुरे होते. विणायचेच असेल, तर झोपेसाठी दुपट्याऐवजी बिनहाताची पिशवी विणा. तिच्यात दोन्ही हात बाहेर राहतात, गळा मानेशी बेताचा असतो, आणि खालून ती बंद पण पाय हलतील एवढी ऐसपैस असते. ती नाकावर सरकत नाही, आणि गळा बेताचा असल्याने बाळ आत घसरत नाही.

इतके सांगूनही ज्या घरात पांघरूण घातलेच जाईल, त्यांनी निदान एवढे करावे. बाळाचे पाय अंथरुणाच्या पायथ्याशी टेकतील असे त्याला उताणे निजवावे. पांघरूण एकपदरी, हलके असावे आणि छातीपर्यंतच यावे. हात बाहेर ठेवावेत. दोन्ही बाजू आणि पायथा गादीखाली घट्ट खोचावा. आणि घरातले कोणीतरी जागे असावे.

आईच्या कुशीत बाळ झोपते, तेव्हा आईची गोधडी किंवा वाकळ बाळावर ओढू नये. जड गोधडीखाली बाळ केव्हा जाते, हे दिवसभर राबून थकलेल्या आईला कळत नाही. बाळाची जागा आईशेजारी, पण स्वतःच्या कपड्यांत आणि स्वतःच्या पातळ, टणक अंथरुणावर असावी. डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी देण्याची पद्धत आहे. तीही झोपेत नको. झोळीत दुपट्याची जाड घडी खाली घालू नये. त्याने खड्डा पडतो, बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते.

मग दुपटे वापरायचे केव्हा? बाळ जागे असताना मांडीवर घेताना, उन्हात बसविताना, बसने प्रवास करताना तोंड उघडे ठेवून, आणि पुढे जमिनीवर पोटावर खेळविताना. ही कामे काही थोडी नाहीत.

गुंडाळण्याविषयीही एक शब्द. पहिल्या काही आठवड्यांत बाळाला गुंडाळले की ते शांत झोपते. पण पाय सरळ ताणून करकचून बांधले, तर खुब्याचा सांधा निसटण्याचा धोका असतो. कमरेखाली सैल ठेवावे, गुडघे वाकवून बाजूला फाकता आले पाहिजेत. छातीशी दोन बोटे जातील एवढी ढील असावी. बाळ कुशीवर वळण्याची खटपट करू लागले, की गुंडाळणे बंद करावे.

गरम होते आहे की गार, हे कसे ओळखावे? हाताच्या उलट्या बाजूने बाळाचे पोट आणि पाऊल दोन्ही पाहा. दोन्ही कोमट आणि पाऊल गुलाबी, तर सगळे ठीक. पोट कोमट पण पाऊल गार, तर बाळाला थंडी वाजते आहे, एक थर वाढवा. दोन्ही गार असतील, तर बाळाला ताबडतोब उघड्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असे धरून वरून दोघांवर पांघरूण घ्या, त्याचे नाक-तोंड उघडे ठेवा, अंगावर पाजा आणि दवाखान्याची वाट धरा. आईच्या छातीएवढी चांगली शेगडी नाही. मानेला घाम आला असेल, चेहरा लाल झाला असेल, तर एक थर उतरवा.

कातडी, आणि शेगडी

विणून झालेले दुपटे न धुता बाळाच्या अंगावर घालू नये. त्यात रंग, धूळ आणि आपल्या हातांचा मळ असतो. सौम्य साबणाने धुऊन दोन-तीन पाण्यांतून काढावे, कारण राहिलेला साबण बाळाच्या कातडीला खाजवितो. सुगंधी द्रव्ये घालू नयेत. गडद रंगाची लोकर असेल, तर ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहावी. फडक्याला रंग लागला, तर ती लोकर बाळासाठी नव्हे. दुपटे कडक उन्हात वाळवावे.

बाजारात 'लोकर' म्हणून जी मिळते, ती बहुधा मेंढीची नसून ॲक्रिलिक असते. ते वाईट नाही, स्वस्त आहे, धुवायला सोपे आहे. पण ते पेट घेते, वितळते आणि कातडीला चिकटते. शंका असेल, तर धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून, मुलांपासून दूर, पाण्याचे भांडे जवळ ठेवून पेटवून पाहा. कागदासारखा वास आणि मऊ राख, तर सुती. जळक्या केसांचा वास येऊन आपोआप विझला, तर खरी लोकर. वितळून काळा कडक मणी झाला, तर ॲक्रिलिक.

आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला शेक आणि धुरी देण्याची चाल आहे. बाजेखाली शेगडी आणि बाजेवरून लोंबणारे ॲक्रिलिकचे दुपटे, हे दृश्य पाहिले की माझ्या अंगावर काटा येतो. एक ठिणगी पुरे. धुराने बाळाच्या फुप्फुसांना त्रास होतो, म्हणून धुरी नकोच. आणि शेगडी खोलीत असेल, तेथे बाळाला विणलेल्या कपड्यात झोपवू नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपणे तर सगळ्यांच्याच जिवावर बेतते.

ट्रंकेतल्या डांबरगोळ्या

थोरल्याचे दुपटे धाकट्याला, ही आपली चांगली रीत. पण मधली वर्षे ते ट्रंकेत डांबरगोळ्यांसोबत पडून असते. तेथे एक मोठा धोका लपलेला आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असतो.

पांढऱ्या डांबरगोळ्या पुष्कळदा नॅप्थलीनच्या असतात. काही बाळांच्या तांबड्या रक्तपेशींत त्यांचे रक्षण करणारे एक द्रव्य जन्मतःच कमी असते. डॉक्टर त्याला 'जी-सिक्स-पीडी'ची कमतरता म्हणतात. मुलग्यांत ती जास्त आढळते. बाळ वरून अगदी निरोगी दिसते. पण नॅप्थलीनची वाफ श्वासातून किंवा कातडीतून गेली, की त्याच्या रक्तपेशी फुटू लागतात, कावीळ झपाट्याने चढते आणि वेळेवर उपचार झाले नाहीत, तर मेंदूला कायमची इजा होते. १९६३ साली ग्रीसमधील डॉक्टरांनी अशी बाळे नोंदविली होती. डांबरगोळ्यांच्या वाफेचा संसर्ग हेच त्यांच्या आजाराचे कारण निघाले. नॅप्थलीन तेलात विरघळते. आपण बाळाला तेल चोळतो, आणि मग ट्रंकेतून काढलेल्या दुपट्यात गुंडाळतो. ह्याचा विचार करा.

बाळाचे कपडे सुती कापडात बांधून, सुकलेला कडुलिंबाचा पाला घालून ठेवावेत. काढल्यावर झटकून, धुऊन, उन्हात घालूनच वापरावेत. कापराची पुडीही दुपट्यात किंवा बाळाच्या गळ्यात बांधू नये. कापूर पोटात गेला, तर लहान मुलाला झटके येतात. आणि बाळाचे डोळे किंवा तळवे पिवळे दिसले, तर उन्हात धरून वाट पाहत बसू नये. डॉक्टरांना दाखवावे.

त्या दुपट्याचे काय झाले?

आता पुन्हा त्या सकाळकडे. आजीने कात्री घेतली. आधी चारही काठांचे गोंडे गेले, मग मोती. ते कापताना तिचा हात अडखळत होता, हे मी पाहिले. दोन महिन्यांचे काम होते ते. मग आम्ही एकेक मोकळे टोक शोधले. तेरा सापडली. ती तिने बोथट सुईने आत ओवली. उरला प्रश्न मधल्या फुलांच्या जाळीचा. ती उसवली असती, तर दुपटेच राहिले नसते.

तोड आजीनेच काढली. घरी जाऊन तिने आपल्या सासूचे जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले सुती लुगडे आणले. त्याचे दुहेरी अस्तर दुपट्याच्या दोन्ही बाजूंना लावले. काठ बारीक टाक्यांनी बंद केला, आणि गोधडीला घालतात तसे मधूनही बोटा-बोटाच्या अंतरावर धावते टाके घातले, म्हणजे अस्तर आणि वीण ह्यांच्यामध्ये बाळाचा हात शिरेल अशी पोकळी राहू नये. फुले आता अस्तराआडून अंधूक दिसतात. पण पेन्सिलीचे टोक कोठेही आरपार जात नाही. ज्यांच्या घरी जाळीचे दुपटे आधीच विणून झाले आहे, त्यांना मी हाच उपाय सांगेन. ह्याने दुपटे जड होते, म्हणून ते मांडीवर आणि जमिनीवरच वापरावे, झोपेत अंगावर घालू नये.

वाचकहो, हे एवढे कात्रण करून विणकामाच्या पिशवीत ठेवा:

१. वीण भरीव, पेन्सिल आरपार जाऊ नये.
२. प्रत्येक टोक तीन वेळा ओवलेले असावे, नुसती गाठ नको.
३. गोंडे, मोती, बटणे, घुंगरू, झालर नको.
४. सुती किंवा घट्ट पिळाचा धागा घ्यावा, केसाळ लोकर नको.
५. आधी धुणे, मग बाळाच्या अंगावर. डांबरगोळ्या व कापूर नको.
६. वर्षाच्या आतील बाळाला झोपेत सैल पांघरूण नको, डोके कधीही झाकू नये.
७. शेगडीजवळ विणलेले कपडे नकोत.
८. दर आठवड्याला दुपटे उजेडासमोर धरून पाहावे. उसवले असेल, तर दुरुस्त होईपर्यंत बाजूला ठेवावे.

ते बाळ आता रांगते आहे. त्याच दुपट्यावर बसून ते पायाचे बोट तोंडात घालते. ज्या बोटाला धागा लागला होता तेच बहुधा, कारण त्याला त्याचे काही सुतक नाही. परवा आजी रस्त्यात भेटली. धाकट्या लेकीचे दिवस भरत आले आहेत, नवे दुपटे सुरू आहे. पिशवीतून काढून तिने ते मला दाखविले. साधे, पांढऱ्या सुती धाग्याचे, एकसारख्या मुक्या खांबांचे, बाजूला एक निळी पट्टी. मी कौतुक करायला तोंड उघडले, तोच तिने पिशवीत हात घालून एक पेन्सिल काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"डॉक्टरसाहेब, कौतुक मंग. आधी पाहून घ्या."